पत्त्यात काही बदल?

"आत्ता नको गं, चारू. पुढच्या वेळी बघू," प्रफुल्ल म्हणाले आणि चालता चालता थांबलेच.

विमानातून उतरून आम्ही नेवार्क विमानतळाच्या लांबलचक बोळातून पासपोर्ट तपासणीच्या हॉलकडे निघालो होतो. नुकतं उजाडलं होतं. मुंबईपासून बसून बसून माझे पाय सुजले होते, बूट चावत होते. पण मन कसं टवटवीत होतं. हॉलच्या तोंडाशी डाव्या हाताला बाण दाखवणारी पाटी होती. ग्लोबल एंट्रीचा इंटरव्ह्यू ज्यांचा राहिला असेल त्यांनी इकडे यावं, असं तिच्यावर लिहिलं होतं. त्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. उजव्या बाजूला आमच्याच विमानातली माणसं रांगेत उभी राहत होती आणि रांग वळणं घेत घेत पार मागच्या भिंतीला टेकली होती.

"पुढच्या वेळी कशाला?" मी म्हटलं. "तिकडे बघा, एक माणूस नाही. आणि इकडे ही गर्दी बघा."

ही ग्लोबल एंट्री म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. सरकार एकदा तुमची चौकशी करतं, बोटांचे ठसे घेतं, अधिकारी समोर बसवून चार प्रश्न विचारतात. त्यात पास झालात की तुम्ही विश्वासातले प्रवासी. मग दर वेळी परत येताना रांगेत ताटकळायचं कारण नाही. आम्हा दोघांचे अर्ज मीच भरले होते. चौकशी होऊन मंजुरीही आली होती, फक्त हा शेवटचा इंटरव्ह्यू राहिला होता. घराजवळच्या ऑफिसात तारीख मिळेना. मग मी ज्या लायब्ररीत काम करायची तिथल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, की परदेशातून येताना विमानतळावर उतरल्या उतरल्याही तो देता येतो.

अर्ज भरायचं कारण होतं गार्गी. आमची एकुलती एक. अमेरिकेत जन्मली, इथेच वाढली आणि लग्न केलं ते पुण्याच्या मुलाशी. तिथेच राहणार म्हणाली. ठाण्याला लग्न लावून आम्ही परत येत होतो. प्रफुल्ल त्या महिन्याच्या शेवटी रिटायर होणार होते. मी मनात सगळं आखून ठेवलं होतं. दिवाळीला जायचं, उन्हाळ्यात जायचं, पुढे बाळंतपण आलं की चांगलं लांबलचक राहायचं. इतकं जाणं-येणं करायचं तर रांगेत किती उभं राहणार?

"असं कर, तू देऊन घे," प्रफुल्ल म्हणाले. "मी या रांगेतून येतो. सामानापाशी भेटू."

"मी एकटीनं देऊन काय करू? पुढच्या वेळी तुम्ही रांगेत उभे आणि मी पलीकडे बाकावर बसून तुमची वाट बघू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एक जोडपं बाबागाडी ढकलत आलं, त्यांना वाट द्यायला आम्ही बाजूला झालो आणि ते बोलणं राहूनच गेलं.

"बरं, चल," ते म्हणाले.

मला वाटलं, नेहमीची भीती. आता मी त्यांना नावानं म्हणते, तेव्हा 'अहो' म्हणायची. तर या माणसाला गणवेशाची भारी भीती होती. वडील कस्टममध्ये होते, त्यांनी लहानपणापासून घातलेली. रस्त्यात चुकून सिग्नल तुटला, तर मागे पोलीस नसतानाही हे गाडी बाजूला घेऊन थांबायचे. भारतातून येताना बॅगेत काय काय खायचं आहे ते अधिकाऱ्यानं विचारायच्या आधीच सांगून मोकळे. या वेळी निघताना माझ्या नणंदेनं, नलूताईंनी, मोठ्या प्रेमानं सोडे, म्हणजे वाळवलेली कोळंबी, बांधून दिले होते. प्रफुल्लनी ते बॅगेतून काढून परत ताईंच्या फडताळात ठेवायला लावले. खाजाचे कानवले तेवढे आणू दिले, तेही डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी लावून.

काउंटरवर एक बाई बसली होती. माझ्याच वयाची असेल. गणवेशावर ऑर्टिझ असं नाव होतं आणि चष्मा साखळीला बांधून गळ्यात सोडला होता.

"नवरा-बायको?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दोघांचा एकदमच घेतला तर चालेल का?"

"चालेल की. माझंही काम लवकर उरकेल."

तिनं पासपोर्ट घेतले, लायसन्स मागून घेतली. आधी प्रफुल्लकडे वळली. नाव, जन्मतारीख, काम काय करता. त्यांनी सांगितलं, पुलांची डिझाइनं करतो, या महिन्याअखेर रिटायर होतोय.

"कधी अटक झाली आहे? कुठल्याही देशात?"

"नाही."

"कस्टमनं कधी दंड केला?"

"नाही. या खेपेला बॅगेत एक गोड पदार्थ आहे. नारळ आणि रवा. तळलेला. त्यात मांस, अंडं काही नाही."

ती हसली. "मी अजून तिथवर आलेच नव्हते." मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. मेंदी फिकी झाली होती, पण तळव्यांवर अजून दिसत होती. "घरात लग्न होतं वाटतं?"

"मुलीचं," मी म्हटलं.

"अरे वा! अभिनंदन. माझ्या मुलीचं पुढच्या वसंतात आहे. थकवा येतो नाही, आईला?"

"आईलाच येतो," मी म्हटलं. "बापाला फक्त उभं राहायचं असतं." आम्ही दोघी हसलो. प्रफुल्लही जरासे हसले.

ऑर्टिझबाई पुन्हा पडद्याकडे वळली. "पत्ता ब्रिजवॉटरचा. अर्ज केला तेव्हा होता तोच ना? पत्त्यात काही बदल?"

मी 'नाही' म्हणणारच होते. पण प्रश्न त्यांना होता, म्हणून थांबले. ते बोलेनात. मी मान वळवून बघितलं. त्यांनी दोन्ही हात काउंटरच्या कडेवर ठेवले होते आणि ते हातांकडेच बघत होते.

"सर?"

"हो," प्रफुल्ल म्हणाले. "बदल आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून."

मला वाटलं, त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नाही. विमानात माझ्याही कानांना दडे बसले होते. मी मराठीत म्हटलं, "अहो, घरचा पत्ता विचारतेय ती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नवीन पत्ता सांगता?" ऑर्टिझबाईनं कीबोर्डवर बोटं ठेवली.

त्यांनी सांगितला. रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गाव अ‍ॅलनटाउन, राज्य पेनसिल्व्हेनिया. पिनकोडसुद्धा सांगितला. कुठेही अडखळले नाहीत. चांगला पाठ होता. रस्त्याच्या नावाचं स्पेलिंग तिला समजलं नाही, तेव्हा एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"छान," ती टाइप करत म्हणाली. "आणि मिसेस कर्णिक, तुमचाही हाच ना?"

"नाही," प्रफुल्लच म्हणाले. "ती घरीच राहणार आहे. ब्रिजवॉटरला. मी एकटाच जातोय."

टाइप करणारी बोटं थांबली. ऑर्टिझबाईनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण ते बघून तिनं नजर खाली घेतली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "मला तुमचा पत्ता तुमच्या तोंडून घ्यावा लागेल. सावकाश सांगा. घाई नाही."

मी घराचा नंबर सांगितला. रस्ता सांगितला. पिनकोड काही केल्या आठवेना. त्या घराच्या पत्त्यावर आलेली हजारो पाकिटं मी फोडली होती. मी लायसन्सकडे हात केला. तिनं ते उलटं करून माझ्यासमोर सरकवलं आणि मी शाळेतल्या मुलीसारखं त्यावरून वाचून दाखवलं.

पुढचे प्रश्न तिनं भराभर उरकले. मी नाही, नाही म्हणत गेले. मग बोटांचे ठसे. प्रफुल्लचे लगेच उमटले. माझे उमटेनात. बोटं कोरडी पडली होती, काचेवर ठेवली की मशीन लाल दिवा दाखवायचं. तिनं मला ओला रुमाल दिला, मी बोटं पुसली, तरी होईना. शेवटी ती उठली, काउंटरवरून वाकली आणि माझा हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट काचेवर दाबत गेली. तिचा हात गरम होता. अंगठा झाला, तर्जनी झाली. करंगळीचा ठसा उमटेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

फोटो निघाले. मग तिनं नियम सांगितले. पासपोर्ट बदलला तर कळवा, नाव बदललं तर कळवा, खोटी माहिती दिलीत तर सवलत रद्द होईल. हे ती सगळ्यांनाच सांगत असणार. "दोघांचंही मंजूर झालं," ती म्हणाली. इतर वेळी ती अभिनंदन म्हणत असेल, आम्हाला म्हणाली नाही. पासपोर्ट परत देताना तिनं माझा माझ्याच हातात दिला आणि विचारलं, "तुम्हाला न्यायला कुणी आलंय का?"

"आम्ही टॅक्सी करणार आहोत," मी म्हटलं.

सामानाच्या पट्ट्यापाशी आलो, तेव्हा पट्टा नुसताच फिरत होता, बॅगा यायच्या होत्या. प्रफुल्लनी ट्रॉली आणली. मी भिंतीजवळच्या खांबाला टेकून उभी राहिले.

"कधी सांगणार होतात?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर. दोन दिवसांनी. तुझी झोप भरल्यावर."

"झोप भरल्यावर?"

"तू दमली होतीस गं. लग्नात किती धावपळ केलीस." ते अगदी मनापासून म्हणाले. "मी तुला म्हटलं होतं, आत्ता नको. तू ऐकलं नाहीस."

"मग तिला नाही म्हणायचंत. तोच पत्ता म्हणायचंत. काय बिघडलं असतं?"

"सरकारी अधिकारी आहे ती, चारू. ठसे देतोय, सही करतोय, तिच्यापुढे खोटं कसं बोलणार?"

"आणि माझ्यापुढे?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, माझं समाधान करायला काहीतरी बोलायचं म्हणून नव्हे. "तुझ्याशी मी खोटं कधी बोललो नाही," ते म्हणाले. "सांगितलं नव्हतं, एवढंच."

पट्ट्यावर पहिल्या बॅगा आल्या. माणसं पुढे सरसावली. आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक काळी बॅग आपलीच समजून ओढत होते आणि परत ठेवत होते. प्रफुल्लनी त्यांना एक बॅग उतरवून दिली.

ते परत आल्यावर मी विचारलं, "कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"अ‍ॅलनटाउनला. कोण आहे ती?"

"कोणी नाही."

"आता तरी सांगा. मी इथे ओरडणार नाही."

"कोणी नाही गं. खरंच कोणी नाही. त्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नाही, म्हणून तर ते बघितलं."

त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आले होते. ते खरं बोलत होते. आणि ते मला ऑर्टिझबाईसमोर ऐकलं त्याहून जड गेलं. दुसरी बाई असती तर मी भांडले असते, रडले असते, गार्गीला सांगून त्यांना शरम वाटायला लावलं असतं. तिचा चेहरा, तिचं नाव, काहीतरी हाताला लागलं असतं.

"मग मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. तू सगळं नीटच केलंस." ते शब्द शोधत होते. "मला एकट्याला राहायचंय. घरात शिरल्यावर कुणी काही विचारू नये, मी कुणाला काही विचारू नये. दुसरं काही नाही. मी खूप प्रयत्न केला, चारू. वाटलं, जाईल. नाही गेलं."

"कधीपासून?"

"गार्गी कॉलेजला गेली तेव्हापासून पक्कं होतं. मधे एकदा राहिलं. मग म्हटलं, तिचं लग्न होऊ दे. मुलीच्या लग्नात आई-बाप वेगळे नकोत."

गार्गी कॉलेजला गेली त्यानंतर आम्ही स्वयंपाकघर नवीन केलं होतं. फरशीचा रंग निवडायला चार दुकानं पालथी घातली होती. त्यानंतरच माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. प्रफुल्ल हॉस्पिटलात माझ्या उशाशी खुर्चीत झोपायचे, घरी आल्यावर मला आंघोळ घालायचे, वेणीसुद्धा घालायला शिकले होते. मी सगळ्यांना सांगायची, नवरा मिळावा तर असा.

"माझ्या ऑपरेशनच्या वेळीही?" मी विचारलं.

"त्या वर्षी तर जायचं ठरलंच होतं," ते म्हणाले. "मग तुझं ते निघालं. म्हणून राहिलो."

आमची पहिली बॅग आली. त्यांनी ती उचलली, दुसरी उचलली. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. गार्गी होती.

"आई! पोहोचलात?"

"पोहोचलो गं."

"किती वेळ फोन लावतेय. रांगेत होतात का? तो इंटरव्ह्यू झाला?"

"झाला. दोघांचाही झाला."

"ग्रेट! म्हणजे आता तुम्ही दोघं कधीही येऊ शकता. बाबा कुठायत? दे ना त्यांना."

प्रफुल्ल माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. मुलीनं काही विचारलं तर ते खरं सांगून बसले असते, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"बॅगा उतरवतायत," मी म्हटलं. "दमलेत. नंतर बोल त्यांच्याशी. तू जेवलीस का?"

गार्गी सासरच्या गमतीजमती सांगत राहिली. मी हसण्याच्या जागी हसले. फोन ठेवल्यावर प्रफुल्ल म्हणाले, "थँक यू." मी फोन पर्समध्ये टाकला. आम्ही टॅक्सी करून घरी आलो. त्यांनी बॅगा वर नेल्या, मी वरण-भाताचा कुकर लावला. तो भात आम्ही जेवलोही.

एक तारखेला ते गेले. एक छोटा ट्रक पुरला. फर्निचर काही नेलं नाही, माझ्या सोयीचं सगळं जागच्या जागी ठेवून गेले. जाण्याआधी बॉयलर तपासून घेतला, छपराची गळती दुरुस्त करून घेतली. गार्गीला त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं. ती खूप रडली, त्यांच्यावर चिडली, वर्षभर बोलली नाही. मग बोलायला लागली. नलूताईंना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला असेल. त्यांनी डॉक्टरांची नावं पाठवली. डोक्याला काही झालं नव्हतं.

मी मात्र आशा धरून होते. वाटायचं, एकटेपणा खायला उठेल, आजारी पडतील, एखाद्या रविवारी दाराशी उभे राहतील. मग दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी मी वालाचं बिरडं केलं, डब्यात भरलं आणि न कळवता गाडी काढून अ‍ॅलनटाउनला गेले. डबा हे निमित्त होतं. खरं सांगायचं तर मला तिथे काहीतरी सापडायला हवं होतं. दाराशी बाईच्या चपला, नाहीतर मग साचलेली भांडी, दाढी वाढलेला, पस्तावलेला माणूस. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

प्रफुल्लनी दार उघडलं. दाढी केलेली होती, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. मला बघून दचकले, पण लगेच "ये, ये, थंडी किती आहे" म्हणाले. दोन खोल्या, लख्ख. टेबलाशी खुर्ची एकच होती. त्यांनी ती मला दिली आणि स्वतः खिडकीला टेकून उभे राहिले. चहा केला, माझ्या आवडीचा, आलं घालून. गार्गीच्या बाळाचे फोटो आम्ही दोघांनी बघितले. त्यांची तब्येत सुधारली होती. मी विचारलं, करमतं का? ते म्हणाले, हो. मग माझ्याकडे बघून त्यांना ते उत्तर कठोर वाटलं असावं. "तू बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

बिरडं त्यांनी भांड्यात काढून घेतलं, माझा डबा घासून, पुसून, पिशवीत घालून दिला. दारापर्यंत आले. बर्फावरून गाडी जपून चालव म्हणाले.

दार लागलं. जिन्यात अंधार होता, दिव्याचं बटण मला सापडेना. कठड्याला धरून मी क्षणभर तशीच उभी राहिले. आतून भांड्यांचा आवाज आला, नळ सुरू झाला आणि मग प्रफुल्ल गुणगुणायला लागले. कुठलंसं जुनं भावगीत होतं. सूर चांगला होता, अगदी स्वच्छ लागत होता.

इतक्या वर्षांच्या संसारात मी या माणसाला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्याला गाता येतं, हेच मला माहीत नव्हतं. कडवं संपेपर्यंत मी ऐकलं आणि मग पावलांचा आवाज होऊ न देता खाली उतरले.